अकरावा गडी

जुन्या हॉकी कार्डाच्या फाटक्या कडा मी कात्रीने कापून ते सुबक केलं. खालापूरच्या एसटी स्टँडसमोर, आमच्या शाळेच्या मैदानालगत बसणाऱ्या घड्याळजींना ते भेट द्यायचं होतं. चुइंगमबरोबर मिळायची तसली, आपल्या लाडक्या भारतीय संघाची कार्डं ते जमवतात. दहा खेळाडू डब्यात होते, अकरावा कित्येक वर्षं सापडत नव्हता. डबा उघडण्याआधी ते साबणाने हात धुतात आणि खेळाडूंना ‘आपली पोरं’ म्हणतात.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. आता हे मिठी मारणार, म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी कार्ड अलगद दहाजणांशेजारी ठेवलं.

“मास्तर, कडेबरोबर तुमी याची काठीबी छाटलीत. आता मैदानात हा नुसता तुमच्यासारखा उभा ऱ्हानार!”