सिस्टर जमिनीवर बसतात तेव्हा

पडदा वर जातो. खिडकीशी पलंग, भिंतीला आरसा, त्याच्यासमोरच्या बुटक्या मेजावर रंगभूषेच्या ब्रशांचा जुना पेला. पलंगावर माझी बायको, निवृत्त नटी; मीही निवृत्त नटच. प्रवेश करतात सिस्टर. खांद्याला पिशवी, आणि नजर अशी की जणू घर विकत घ्यायला आल्यात.

हिचं दुखणं हाडांतलं. रोजचं औषध चालू असूनही मध्येच कळ उसळते, म्हणून डॉक्टरांनी काडीला लावलेली गोळी दिली. अफूच्या जातीचं जहाल औषध, पण दिसायला हुबेहूब लॉलीपॉप! आणि घरात दिवसभर चार वर्षांची नात. मुलीनं निक्षून सांगितलं होतं, "या काड्या घरात असतील तर ती इथे राहणार नाही." गोळी सोडली तर कळ, ठेवली तर नात जाणार.

घरोघरी जाऊन ही गोळी शिकवणं हेच सिस्टरांचं काम. पूर्वी त्या सूचना वाचून दाखवत; लोक माना डोलावत आणि नंतर चुकत. आता त्या थेट तालीमच घेतात.

"घ्या बरं काकू, माझ्यासमोर." त्यांनी औषध नसलेली सरावाची काडी दिली. हिनं ती गाल आणि हिरडीच्या मध्ये धरली, हळूहळू फिरवली, चावली नाही. मी मनात टाळ्या वाजवल्या.

"आणि मध्येच बेल वाजली तर?"

हिनं झटकन काडी पेल्यात खोचली आणि चेहऱ्यावर हसू आणलं! विंगेतली जन्माची सवय. प्रवेश आला की घशाची गोळी बाहेर, परतलं की पुन्हा तोंडात.

हिनं ते सांगितलं, तरी सिस्टर रागावल्या नाहीत. "अय्या, विंगेत असं करायचात?" म्हणत सगळं खोदून विचारलं. मग जमिनीवर फतकल मारली. "काका, या खाली."

"गुडघे परवानगी देत नाहीत हो."

"मी उठवते. या तर."

बसलो. आता नजर नातीच्या उंचीवर आली. ब्रशांच्या गर्दीत ती गोळीच डोळ्यांत भरत होती, हाताशी आल्यासारखी.

"खरी गोळी अर्धी उरलेलीसुद्धा लेकराचा जीव घेईल," सिस्टर म्हणाल्या. उरली तर लगेच गरम पाण्याच्या नळाखाली पूर्ण विरघळवायची, नुसती काडी कचऱ्यात. बाकीच्या काड्या कपाटात, कुलपाआड.

किल्ली हिनं गळ्यात घातली. "वाजू दे बेल! दार हे उघडतील. आयुष्यात एकदा तरी."

पेल्यातली सरावाची काडी काढून घेऊन सिस्टरांनी पिशवी उचलली. "मुलीला काय सांगू?" हिनं हळूच विचारलं.

"काही सांगू नका. तिला इथे खाली बसवा, आणि काय काय दिसतंय ते तिलाच विचारा."