मोजलेली मुलं

महाडच्या आमच्या बौद्धवाडीत मानसशास्त्र घेऊन एम.ए. झालेली मी पहिलीच. खेड्यातल्या मुलांची बुद्धी तपासायला पुण्याचे एक प्राध्यापक आले, तेव्हा त्यांनी मला मदतीला घेतलं. "पुढची पीएच.डी. माझ्याकडेच करा," म्हणाले. मला आभाळ ठेंगणं झालं.

वरंधच्या वरच्या वाड्यांवर मी एकटीच चढायचे. चाचणी शहरात तयार झालेली. एका चित्रात बेसिनला नळ नव्हता. काय कमी आहे ते मुलांनी सांगायचं. वाडीत नळ कुणी पाहिलेलाच नव्हता. दुसरा प्रश्न होता, घराला आग लागली तर आधी काय कराल? गुरं राखणारी एक चुणचुणीत पोर चटकन म्हणाली, "दावी सोडीन गुरांची." बरोबर उत्तर होतं, बंबवाल्यांना कळवू. तिला शून्य.

मी सरांना म्हटलं, "ह्यातून बुद्धी नाही मोजली जात, सर. मुलांनी शहर पाहिलंय का, एवढंच कळतं."

त्यांनी प्रश्नांचे कागद चाळले. "पटतंय. गाळू हे प्रश्न."

माझा केवढा विश्वास बसला त्या शब्दावर!

काही महिन्यांनी महाडात शिक्षकांसमोर त्यांचं व्याख्यान झालं. मी पुढच्या रांगेत बसले होते. डोंगरातल्या मुलांची बुद्धी उपजतच कमी, असा त्यांनी निष्कर्ष वाचला. एकही प्रश्न गाळला नव्हता. वर माझ्याकडे हात करून म्हणाले, "माहिती ह्यांनी गोळा केली. त्या इथल्याच. तेव्हा शंकेला जागा नाही."

मी उभी राहिले. "सर, तुम्ही कबूल केलं होतंत."

"पुन्हा तपासलं तरी तेच गुण येतात, बाई."

"येणारच. वजनाच्या काट्यावर उंची कितीदाही मोजा, काटा तेच दाखवील."

मागे कुणीतरी हसलं. सर शांतपणे म्हणाले, "बसा. शास्त्रात भावनेला स्थान नसतं."

मी बसले नाही, सभेतून निघून आले. पीएच.डी. तिथेच संपली.

खरा घाव पुढे बसला. व्याख्यान ऐकून आलेल्या वाडीवरच्या मास्तरांनी गुरं राखणाऱ्या त्या पोरीच्या आईला सांगून टाकलं, हिला शिकवून उपयोग नाही, पुण्याच्या साहेबांनीच काढलंय. मी धावत वर गेले. आईने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

"पोरीला येडी ठरवलंस ना गो? आमी तुला घरातली समजलो."

"मी नाही ठरवलं, वयनी."

"मंग कोनी? इचारायला तूच आली व्हतीस. दुसरा कोन आला नाय."

मी खूप सांगितलं. पोर दाराआड उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. ती पुन्हा शाळेत गेली नाही. मी पोलादपूरच्या शाळेत नोकरी धरली. सरांचं पुस्तक निघालं, त्यात माझे आभार मानलेत असं कळलं. मी ते उघडून पाहिलेलं नाही.