अडीच माड

झिलू गेला ही बातमी मला पोदेराने, म्हणजे आमच्या पाववाल्याने, दिली. तशी सरळ सांगितली नाही त्याने. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत तो दारात आला, मी रोजच्यासारखे उंडे, म्हणजे गोल पाव, दाबून बघितले आणि कालच्यापेक्षा लहान आहेत म्हणून वादाला उभा राहिलो. रोज तोही वाद घालतो, त्याशिवाय आम्हा दोघांचा दिवस सुरू होत नाही. त्या दिवशी त्याने टोपली सावरली आणि म्हणाला, "झिलूगेर आज उंडे नको म्हणाले." आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, ज्या घरात माणूस जातो तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही आणि पोदेराचा भोंगाही वाजत नाही. मला कळायला पाहिजे होते. पण मी म्हटले, एवढेसे उंडे, नको म्हणणारच... आणि एवढे बोलून झाल्यावर मला कळले. हातातला उंडा मी परत टोपलीत ठेवला.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. आमच्या वाड्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, झिलूवर पेपरच्या पुरवणीत काहीतरी यायला हवे, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटले, मीच लिहितो. मग शुद्धलेखन तरी तपासतो म्हणाले. तेही नको म्हटले. मी मराठी तिसरी शिकलो आहे आणि तेवढ्या शिक्षणावर डिचोलीच्या खाणीवर जन्मभर ट्रक चालवला. ट्रक कधी शुद्धलेखनावर अडला नाही.

झिलू पाडेली होता, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. गोवा मुक्त झाला त्या वर्षी आपण पहिला माड चढलो असे तो सांगायचा. मी म्हणायचो, त्याच्या आदल्या वर्षी. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. डोक्याला लाल पंचा, कमरेला लाल चौकड्याची कास्टी, पाठीला कोयता, आणि पायाला दोरीचा फास. बाकी अंगावर काही नाही, थंडी असो की ऊन. बोलायचा कमी, पण वर पोचला की त्याला वाचा फुटायची. कुणाच्या परसात काय वाळत घातले आहे, कोण कुणाकडे गेले, सगळे वरून ओरडून सांगायचा. त्यामुळे तो माडावर असला की वाड्यावरच्या बायका दारे लावून घ्यायच्या. आणि नारळ टाकताना "बाजूक सर रे" अशी हाळी द्यायची पाडेल्याची रीत असते. झिलू सगळ्यांना आधी हाळी द्यायचा. मला मात्र नारळ पडल्यावर. मी बावीवर पाणी काढायला वाकलो की दोन हातांवर धप्पकन आवाज यायचा आणि मग वरून, सावकाश, "सगुण, बाजूक सर." मी वर बघत तयार उभा असलो तर एकही टाकायचा नाही. चाळीस वर्षे मी त्याला सांगत आलो की तू एक दिवस पडून मरणार. त्याने सोप्यावर पाटावर बसून, चहाची कपबशी हातात धरून जीव सोडला. जमिनीपासून दोन बोटांवर. माझ्याशी शेवटचा वादही तोच जिंकून गेला.

पण मला लिहायचे आहे ते इमारतीबद्दल.

आमचा वाडा पेडणे तालुक्यात एका उतारावर आहे. वर डांबरी रस्ता, खाली बाव, बावीकडे एक जुना माड, आणि माडाला लागून झिलूचे घर. मातीचे, मुंडकारकीचे, म्हणजे जमीन दुसऱ्याची. रस्ता आणि बाव यांच्यामधल्या काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, कुणी बाहेरचा बिल्डर सात मजली इमारत उठवणार अशी बातमी आली. बावीला पाणी त्याच उतारातून येते. तिथे पाया खणला तर बाव आटणार, आणि झिलूची भिंत एका पावसात खाली येणार, हे सांगायला इंजिनियर नको होता. मास्तरांनी पणजीच्या बांधकाम परवान्याच्या ऑफिसाला अर्ज लिहिला. चार पाने, त्यात 'पर्यावरण' हा शब्द सहा वेळा. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. उत्तर आले नाही.

त्याच दिवसांत बिल्डरचा माणूस झिलूकडे येऊ लागला. पायात बूट, बोलायला मऊ. तुम्ही घर सोडा, सातव्या मजल्यावर तुम्हाला फ्लॅट देतो, वरून समुद्र दिसेल, जायला लिफ्ट आहे. झिलूचा मुलगा तुयेच्या कारखान्यात कामाला. त्याला ते पटले होते. दर पावसाळ्यात भिंतीला ताडपत्री बांधून तो कंटाळला होता, त्याला मी दोष देत नाही. झिलू तीन दिवस काही बोलला नाही. माडावरही नाही. गप्प चढायचा, गप्प उतरायचा. आणि मी, चावडीसारख्या भरलेल्या दुकानात, सगळ्यांसमोर म्हटले की झिलूने आपल्याला विकले. मला तसे वाटले होते म्हणून म्हटले. वाटले ते बोलायचे ही माझी सवय, आणि बोललेले परत घ्यायचे नाही ही दुसरी.

चौथ्या दिवशी झिलूने त्या माणसाला सोप्यावर बसवून उत्तर दिले. मी कुंपणाच्या अलीकडे उभा होतो, मुद्दाम.

"मी जल्मभर वर चडलंय, ता खाली येवक," झिलू म्हणाला. "थय वर जावन रवान काय करू?"

माणूस म्हणाला, लिफ्ट आहे, चढायला नको.

"मगे तर कायच नको. चडाचा नाय, पाडूचा नाय... थय माणूस करता काय?"

माणूस गेला. झिलूने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. मी घरी आलो आणि माझा अर्ज लिहायला बसलो, कारण मला दुसरे काही सुचेना. मास्तर म्हणाले, उंची मीटरमध्ये लिहा. मी मीटर कधी चढलो नाही. झिलूला कुंपणावरून विचारले, तर त्याने बोलत नसतानाही उतार, रस्ता, माड असे तीनदा बघितले आणि अडीच बोटे दाखवली. मी लिहिले, 'सदर इमारत आमच्या बावीकडून अडीच माड उंच होणार आहे, तरी ती होऊ नये.' खाली सही. अर्धे पानसुद्धा भरले नाही. मास्तरांनी डोक्याला हात लावला.

पंधरा दिवसांत पणजीहून बोलावणे आले. झिलू आणि मी एकाच बसने गेलो, एकाच बाकावर बसलो, आणि म्हापशापर्यंत एक शब्द बोललो नाही. म्हापशाला त्याने भजी घेतली आणि अर्धी माझ्या मांडीवर ठेवली. मी खाल्ली. तेवढेच. ऑफिसात एक तरुण मॅडम होत्या. माझा अर्ज टेबलावर सगळ्यांत वर होता आणि आजूबाजूचे लोक हसू दाबत होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "आजोबा, माड म्हणजे किती मीटर?" मी म्हटले, तुम्ही कुठला माड म्हणता त्यावर आहे. झिलू म्हणाला, आमच्या बावीकडला, बावन्न खाचांचा. खाचा म्हणजे चढताना पाय ठेवायला खोडात पाडलेल्या पायऱ्या. मी म्हटले, एक्कावन्न. तो म्हणाला, चढतो कोण? मी म्हटले, मोजतो कोण? तिथेच, मॅडमसमोर, आमची सुरू झाली. शेवटी मॅडम म्हणाल्या की नकाशावर ही इमारत तुम्ही म्हणता त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त दिसते आहे, तेव्हा तुमचा माड मला प्रत्यक्षच बघायला लागेल. चार पानांच्या अर्जाने जे झाले नाही ते तीन इयत्तांनी केले, एवढे इथे लिहून ठेवतो. मास्तर ही पुरवणी वाचतात.

मॅडम आल्या त्या दिवशी अख्खा वाडा वर रस्त्यावर गोळा झाला. बिल्डरचा बूटवाला माणूसही नकाशा घेऊन आला. झिलू तेव्हा सत्तरीच्या पुढे होता, मुलाने त्याला चढायची बंदी केली होती. मॅडमनीही नको नको म्हटले. तो खाली बावीकडे गेला, फास पायात घातला आणि चढू लागला. मी खाली उभा होतो. दर खाचेला मी मोजत होतो, मोठ्याने, म्हणजे तो थांबला तर मला कळावे. त्याला धाप लागत होती. मला चढत नसताना लागत होती.

शेंड्याला पोचून त्याने डोक्याचा लाल पंचा सोडला आणि माडाच्या कोंबाला घट्ट बांधला. वर रस्त्यावर सगळे एकदम काठाशी आले. कारण तो पंचा रस्त्यावर उभ्या माणसांच्या गुडघ्याला लागेल एवढ्याच उंचीवर होता. अख्खा माड रस्त्याच्या खाली गेला होता. बिल्डरच्या कागदावर इमारतीचे माप रस्त्यापासून सुरू होत होते, आणि रस्त्याखालचा एक माडभर भाग पार्किंग म्हणून मोजलाच नव्हता. तो भाग उभा राहणार होता झिलूच्या भिंतीसमोर. मॅडमनी नकाशा बघितला, पंचा बघितला, परत नकाशा बघितला. मग बूटवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही एक माड कुठे लपवलात?" आमच्या वाड्यावर त्या बाईचे अजून नाव काढतात.

काम थांबले. भाटात पत्र्याचे कुंपण राहिले आहे, त्यावर आता रानवेली चढल्या. बावीला पाणी आहे. झिलूची भिंत त्याच्या मुलाने दर पावसाळ्यात ताडपत्री बांधून सांभाळली.

पण त्या दिवशी, वर सगळे टाळ्या वाजवत असताना, झिलू माडावरून खाली माझ्याकडे बघून बोलला. हे फक्त मी ऐकले. "सगुण, मी विकलंय म्हणान सांगत होतंस मां?" मी वर बघत होतो. मग तो म्हणाला, "बावन्न झाली." आणि उतरला. खाचा खरेच बावन्न होत्या. तेही मी कबूल केले नाही.

पंचा अजून तिथेच आहे. उन्हाने लाल रंग गेला, आता फिकट गुलाबी दिसतो. वाड्यावर माड चढणारा कुणी उरला नाही, त्यामुळे नारळ आपोआप पडतात, हाळीशिवाय. बायका बावीवर जाताना डोक्यावर घमेले धरतात. झिलूचा मुलगा म्हणाला, वीज खात्याची शिडीवाली गाडी आली की पंचा काढून घेऊ. मी त्याला म्हटले, तो पंचा आमचे माप आहे, हात लावायचा नाही.

परवा दुपारी बावीवर कुणी नव्हते. मी माडाखाली गेलो. बरोबर बुंध्याशी, जिथे नारळ पडतो तिथे. घमेले नेले नव्हते. वर पंचाकडे बघून म्हटले, "झिलू, तू विकलंस नाय. बावन्नच हत." मोठ्याने म्हटले, म्हणजे त्याला वर ऐकू यावे. मग बराच वेळ मान वर करून तसाच उभा राहिलो. एकही नारळ पडला नाही.

पडणार कसा? मी तयार असलो की तो कधीच टाकत नसे.