आत्याची डॉक्टर मंडळी

आत्याला खोकला लागला तेव्हा तिनं सगळा दोष बिडकीनच्या धुळीला दिला. गावाबाहेर कंपन्यांची बांधकामं चालू होती, त्यामुळं आम्हालाही ते पटलं. पण एके दिवशी खोकल्यातून रक्त आलं आणि मी तिला शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी घेऊन आले.

छातीच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "तंबाखू, बिडी काही?"

"बिडी नाय. चूल मात्र जन्मभर फुंकली," आत्या म्हणाली.

स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात गाठ दिसली. सुईनं तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि तो कॅन्सर निघाला. आत्या पदर सावरून डॉक्टरांना म्हणाली, "आता तुम्ही काय करनार?"

"मी एकटा नाही, मावशी. ऑपरेशनचे सर्जन, केमोच्या डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, आम्ही सगळे एकत्र बसतो, तुमचे फोटो बघतो आणि ठरवतो."

"मग मीबी येते."

"पेशंटला नाही बोलावत हो."

"माझ्या लग्नाच्या बैठकीलाबी मला आत कोंडलं होतं. काय ठरलं ते मागून कळलं. ह्या बैठकीला मी येनार म्हंजे येनार."

डॉक्टर खळखळून हसले. बैठकीच्या शेवटी त्यांनी आम्हाला खरंच आत बोलावलं.

सर्जन म्हणाले, गाठ लहान आहे, फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून टाकू. केमोच्या डॉक्टर बाईंचं म्हणणं, ऑपरेशननंतर थोडे डोस द्यायचेच. रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले, "माझं काम बहुतेक पडणार नाही." त्यांचा चेहरा पाहून आत्याला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "असू द्या, साहेब. तुम्ही आलात, लई झालं." सगळी खोली हसली.

मग तिनं विचारलं, "पण हा कॅन्सरच हाय, हे वळखलं कुनी?"

कोपऱ्यातल्या चष्मेवाल्या तरुण डॉक्टरनं संकोचून हात वर केला. ती पॅथॉलॉजिस्ट होती, तुकडा तिनंच तपासला होता. "माझ्याकडं पेशंट कधी येत नाहीत," ती म्हणाली. पण बैठक संपल्यावर आपणहून आम्हाला तिच्या खोलीत घेऊन गेली.

आत्यानं एक डोळा मिटून मायक्रोस्कोपला दुसरा लावला. "अगं बाई! काय रंग हाय! गुलाबी, जांभळा. असं लुगडं मिळालं असतं तर घेतलं असतं." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "ह्यातलं वाईट कोन्तं?"

डॉक्टरनं गडद ठिपक्यांची जागा दाखवली. आत्या कितीतरी वेळ बघत राहिली.

"एवढुसं हाय व्हय!" ती म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर जेवली. तिला जेवताना बघून मलाही भूक लागली.

ऑपरेशन नीट झालं. केमोनं मात्र तिला छळलं. पाणीसुद्धा पोटात ठरेना, तेव्हा एका दुपारी ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आता नगं मला." मी केमोच्या बाईंना फोन केला. त्यांनी तिला लगेच बोलावून घेतलं, उलटीची औषधं बदलली आणि तिचा हात धरून बसल्या. पुढचे डोस तिनं निभावले. केस गेले तेव्हा म्हणाली, "तेलाचा खर्च वाचला."

आता तपासणीला ती बिडकीनहून एकटी बसनं येते. छातीचे डॉक्टर पाठीवर नळी ठेवून "दीर्घ श्वास घ्या" म्हणतात, तर ही असा काही श्वास घेते की बाहेर बसलेल्यांना ऐकू जावा.

मागच्या महिन्यात गावातल्या बायकांबरोबर ती वेरूळला गेली होती. चढावर दम लागला की खुशाल खाली बसायची. बायका घाई करायला लागल्या तर म्हणायची, "दम धरा की गं! लेणी काय पळून चाललीत?"