महबूलाच्या किनाऱ्यावरचा गुरुवार

मासे कसे पकडू नयेत हे शिकायचं असेल, तर आमच्या साहेबांबरोबर एकदा महबूलाला जायला हवं होतं. १९८० सालाच्या आसपास तिथे इमारतींची गर्दी नव्हती. वाळू, उथळ पाणी आणि अंधार. कुवेतमधल्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स होते आणि माझा नवरा लॅब टेक्निशियन होता, तिथल्या लॅबचे हे साहेब मुख्य डॉक्टर. मूळचे पुण्याचे. शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी त्यांची लांबलचक गाडी मिरकाबला आमच्या बिल्डिंगखाली हॉर्न वाजवायची आणि नवरा अर्धा चहा टाकून पळायचा. मुलीला शेजारी ठेवून मलाही जावं लागे, कारण मासे साफ करून तळायला कुणीतरी हवं होतं.

पद्धत सोपी. गाडीच्या बॅटरीवर बल्ब लावायचा आणि काठीला बांधून पाण्यावर धरायचा. उजेडाला आधी बारीक पिल्लं जमतात, त्यांच्यामागे मोठी मासळी येते, मग ती दांड्याच्या जाळीने उचलायची. यात माणसाने फक्त गप्प उभं राहायचं असतं. ते साहेबांना जन्मात जमलं नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उभे राहत आणि आखाती राजकारणापासून पुण्यातल्या मिसळीपर्यंत भाषण ठोकत. मध्येच ओरडत, "लेफ्टला घ्या हो, लेफ्टला!" काठी अर्थातच नवऱ्याच्या हातात. उजेड हलला की मासळी पसार, आणि दोष काठी धरणाऱ्याचा. "सॉरी सर," नवरा म्हणायचा. दर गुरुवारी, अगदी मनापासून. मला तर ते ऐकून त्या काठीनेच दोघांना बडवावंसं वाटे.

चौथे होते आमच्याच रत्नागिरीकडचे एक मुसलमान चाचा. किराण्याचं दुकान चालवायचे, स्टोव्ह आणि मसाला त्यांचा. साहेबांच्या प्रत्येक विनोदाला तेही हसत, पण निदान त्यांना ते विनोद खरंच आवडत असावेत.

आता गुरुवारचं सांगायला हवं. मुलीच्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले होते. तेव्हा नवऱ्याने दत्ताला नवस बोलून गुरुवारची मासळी सोडली, जन्मभरासाठी. मी वाचले ती रक्ताच्या बाटल्यांनी, हे मला नर्स म्हणून पक्कं ठाऊक होतं. तरीही मासळीशिवाय ज्याला घास उतरत नाही, त्याने माझ्यासाठी हे केलं याचं मला फार अप्रूप होतं. खरं सांगायचं तर, त्याच्यात मान द्यावा असं मला तेवढंच सापडलं होतं.

गुरुवार साहेबांचाही असे, घराण्यात चालत आलेला. पण घड्याळात रात्रीचे बारा वाजले की ते पहिला तुकडा तोंडात टाकत. नवरा थांबायचा. वार सूर्योदयाला बदलतो, असं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं. त्याचा वाटा डब्यातून घरी यायचा आणि शुक्रवारी सकाळी मी तो तळायची.

एका गुरुवारी अंधार पडल्या पडल्याच चांगली बोय मासळी उजेडाला आली. साहेबांच्या बडबडीला न जुमानता जाळीभर मिळाली. मी तळायला बसले, वास सुटला आणि साहेब घड्याळाकडे बघून तळमळू लागले. चाचा गमतीने म्हणाले, "अहो डॉक्टरसाहेब, बारा कशाला वाजायला हवेत? आमचा जुम्मा तर मगरिबलाच लागला. सूर्य बुडाला की आमचा शुक्रवार."

साहेब केवढे खूश झाले! "वा! ज्या देशात राहायचं तिथलाच वार पाळायचा. परफेक्टली लॉजिकल!" आणि खाल्लं. पण असल्या माणसाला एकट्याने खायला धीर होत नाही. त्यांनी एक तुकडा नवऱ्यापुढे धरला. "घ्या हो. आता शुक्रवार आहे."

त्या आठवड्यात नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि ते वाढवायचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. हे मलाही माहीत होतं. "नको सर, माझं जरा वेगळं आहे," एवढं म्हटलं असतं तर साहेबांनी काही त्याला बुडवला नसता. फार तर दोन दिवस तोंड फुगवलं असतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे. तुकडा घेतला, खाल्ला आणि म्हणाला, "मस्त झालाय, सर."

तळला मी होता.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. घरी येऊन त्याने पेढे वाटले, मीही खाल्ले. पुढच्या गुरुवारी दुपारी मी सुरमईचं कालवण केलं आणि त्याच्या ताटात वाढलं. तो दचकला. "अगं, आज गुरुवार ना?"

"साहेबांना फोन करून विचारा," मी म्हटलं.

त्याने चिडावं, मला चार शब्द सुनवावेत, ताट सारून उठावं, म्हणून मी वाट बघत तिथेच उभी राहिले. मनापासून वाट बघत होते. त्याने खाली मान घालून भात कालवला आणि जेवला.