पहिली शिट्टी

धाकट्या चुलत्यांनी आमच्या बांधाला खेटून विहीर खोदायला काढली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वडिलांची आणि त्यांची बोलाचाली कधीचीच बंद. वाटणीच्या वेळी बांधावरच्या एका दगडावरून बिनसलं होतं. आमच्याकडं माती थोडी आणि खडक फार, त्यामुळं विहिरीला सुरुंग लावावाच लागतो. त्याआधी शिट्टी वाजते. ती ऐकली की आजूबाजूच्या रानातल्या माणसांनी हातातलं काम टाकून सडकेवर जायचं आणि स्फोट झाल्यावर परत यायचं.

चुलते मात्र दोनदा शिट्टी वाजवायचे. पहिलीनंतर काहीच उडायचं नाही. आम्ही सडकेवर ताटकळत उभे. बऱ्याच वेळानं दुसरी शिट्टी, आणि मग धडाम! मधल्या वेळात हे करतात काय? बांधाचा दगड सरकवायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. शेवटी भावकी ती भावकी.

एके दिवशी पहिली शिट्टी झाली. वडील काठी टेकत निघाले, मी ज्वारीत दडून बसले. दगड समोरच दिसत होता. चुलते मुरमाच्या ढिगावर चढले. आता बांधाकडं उतरतील म्हणून मी टपून होते. ते उतरलेच नाहीत. कपाळावर हात धरून सडकेकडं बघत राहिले. गुडघेदुखीनं बेजार झालेले माझे वडील नांगरटीतल्या ढेकळांतून सावकाश चालले होते. ते सडकेवरच्या चिंचेखाली जाऊन टेकले, तेव्हा कुठं चुलत्यांनी दुसरी शिट्टी फुंकली आणि स्वतः पळाले.

माझं धाबं दणाणलं. शेजारी पडलेलं घमेलं डोक्यावर घेऊन मी बांधाच्या आडोशाला आडवी झाले. स्फोट झाला, खडे घमेल्यावर ताडताड वाजले. दगड जागच्या जागी होता.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. आधी त्यांनी मला चांगलंच झापलं. मग म्हणाले, "पहिली शिट्टी माझ्यासाठी असती. माझा गुडघा त्याला म्हाईत हाय. दुसरी बाकीच्यांची."

"मग मला आधी का नाही सांगितलंत, अण्णा?"

"सांगून काय उपयोग? तू म्हणली असतीस, ह्यात बी त्याचा काय तरी डाव असंल."

खरं तर हे ऐकतानाही माझ्या मनात तेच चाललं होतं.