लेक ईचमच्या पाण्यात सासूबाई

सासूबाई सांगलीहून इथे परदेशात, आमच्याकडे टूनगॅबीला येऊन दीडेक महिना झाला होता, तरी आम्ही दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्याच वागत होतो. मी पॅरामॅटाच्या ऑफिसातून घरी आले की त्या चहा ठेवायच्या. मी म्हणायचे, "कशाला त्रास घेतलात?" त्या म्हणायच्या, "त्रास कसला त्यात?" मग दोघी आपापला कप उचलायचो.

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत मी, नवरा, आमची मुलगी आणि सासूबाई असे चौघं विमानाने केर्न्सला गेलो आणि तिथून गाडीने डोंगर चढून लेक ईचमला. हे ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं तळं. चहूबाजूंनी जंगल अगदी पाण्यापर्यंत उतरलेलं. एका बाजूला तेवढी हिरवळ, पिकनिकची टेबलं आणि पाण्यात जायला पायऱ्या. पायऱ्यांपाशी तळाचा दगड न् दगड दिसत होता, पण थोडं पुढे पाणी एकदम काळंनिळं व्हायचं. ते बघून मी दोन पावलं मागेच सरले. मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढले. पोहणं कधी शिकलेच नाही. लेकीच्या स्विमिंग क्लासलासुद्धा मी काठावरच्या खुर्चीत अंग चोरून बसते.

लेक आणि नवरा पाण्यात उतरले. मी धपाट्यांचा डबा उघडला, तशी लाल मानेची एक काळी रानटर्की टेबलाखाली घुटमळायला लागली. तिला हाकलून मागे वळले, तर सासूबाई पायऱ्यांवर उभ्या.

"इथे मगर नाही ना गं?" त्यांनी विचारलं. केर्न्सभर मगरींच्या पाट्या वाचून झाल्या होत्या.

"नाही म्हणतात. का हो?"

"मग मी जरा उतरते."

मला वाटलं, पाय बुडवतील. पण त्यांनी लेगिंगवर माझ्या नवऱ्याची जास्तीची रॅशी चढवली, म्हणजे इथे पोहताना घालतात तो घट्ट टीशर्ट, आणि सरळ पाण्यात गेल्या.

"आई! बीपीची गोळी चालू आहे तुझी!" नवरा पाण्यातूनच ओरडला.

"घेतली की सकाळी," त्या म्हणाल्या आणि पोहायला लागल्या.

हात संथ, मान पाण्यावर, अजिबात खळखळ नाही. लेक बघतच राहिली. "आजी, यू कॅन स्विम?"

"विहिरीत शिकले. पाठीला वाळका भोपळा बांधून भाऊ ढकलून द्यायचे. साडी नेसायला लागले आणि बंद झालं."

नवऱ्याचं तोंड उघडंच होतं. त्यालाही हे माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, असं त्या नंतर म्हणाल्या. पण रागाने नाही.

मग त्या पायऱ्यांशी परत आल्या. "ये तू पण."

"नको आई, मला भीती वाटते."

"ती वाटू दे. इथे पाय टेकतात. ये."

त्या 'ये'मध्ये पहिल्यांदा पाहुणेपण नव्हतं. मी कपड्यांनिशी उतरले. पाणी थंडगार होतं, दात वाजत होते. त्यांनी माझ्या पाठीखाली हात धरला. "मान सोड. पोट वर. अगं, लाकडासारखी काय होतेस? श्वास घे."

मान सोडली तेव्हा कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज थांबले. वर गोल आभाळ, कडेला झाडांचे शेंडे. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण त्यांचा हात पाठीखाली नाही हे मला कळलं, आणि तरी मी बुडाले नव्हते. पुढच्याच क्षणी घाबरून दोन घोट प्यायले, ती गोष्ट वेगळी.

नंतर आम्ही दोघी टॉवेल गुंडाळून उन्हात बसलो. त्यांनी मला विहिरीबद्दल, भावांबद्दल आणि पोरी पोहतात म्हणून नाक मुरडणाऱ्या एका काकूबद्दल सांगितलं. आम्ही इतक्या हसलो, की नवरा दोनदा येऊन काय झालं म्हणून विचारून गेला.

त्या सांगलीला परत गेल्यावर मी घराजवळच्या पूलमध्ये मोठ्या माणसांच्या बॅचला नाव घातलं. डोकं पाण्याखाली घालायला अजून धीर होत नाही. सासूबाई फोनवर आधी नातीची चौकशी करतात, मग माझ्या पोहण्याची. तिकडे पोहण्याच्या तलावावर बायकांची सकाळची बॅच असते, तिथे त्याही जाऊन आल्या. तिथल्या लोकांनी वय बघून डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा म्हटलं, म्हणून सध्या जाम चिडल्या आहेत.